स्पासा आणि आरपार वारा

आमच्या किकिंदा गावात माणूस कशानेही मेला तरी तो मुळात प्रोमायाने मेला असं आम्ही धरून चालतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या, नाहीतर एक खिडकी आणि एक दार, एकाच वेळी उघडं राहिलं की मधून जो आरपार वारा जातो ती प्रोमाया. ती मानेत शिरते, कानात शिरते, मूत्रपिंडात शिरते. दात दुखला तरी तीच आणि शेजारणीच्या नवऱ्याचं तोंड वाकडं झालं तरी तीच. उन्हाळ्यात बस भट्टीसारखी तापलेली असते, पण कुणी दुसरी खिडकी उघडली तर अख्खी बस त्याच्याकडे खुन्याकडे बघावं तशी बघते. मी स्वतः मापनयंत्रं दुरुस्त करणारा, चार पुस्तकं वाचलेला माणूस. पण ओल्या केसांनी घराबाहेर पाऊल टाकायची माझी आजही छाती होत नाही.

अशा गावात डॉक्टर स्पासेनिया रायकोवने, म्हणजे आमच्या स्पासाने, प्रोमाया खरोखर बाधते का, हे तपासून बघायचं ठरवलं.

आमची संशोधन संस्था तीन मजल्यांची. तळाला जीवशास्त्रवाले, मध्ये आरोग्यवाले आणि वर आम्ही यंत्रवाले. लिफ्ट जवळजवळ कायम बंद, त्यामुळे आमच्याकडे कुणी फिरकायचं नाही. स्पासा तेवढी यायची. बुटकी, गोलमटोल, चष्मा गळ्यातल्या साखळीला आणि कोटाचे दोन्ही खिसे अक्रोडांनी फुगलेले. जिना चढून आली की धापा टाकत माझ्या टेबलावर अक्रोड ओतायची आणि माझ्याच पक्कडीने फोडत बसायची. पक्कड बिघडेल म्हणून मी रोज ओरडायचो आणि ती रोज हसायची. तिचं हसणं तळमजल्यावरच्या उंदरांनासुद्धा ऐकू जात असणार.

तिची सगळी नोकरी दुसऱ्यांच्या संशोधनात गेली. रक्ताचे नमुने हिने गोळा करायचे, आकडेमोड हिने करायची आणि लेख छापून आला की हिचं नाव चौथं नाहीतर पाचवं. त्याबद्दल तिने कधी कुरकुर केली नाही. तिच्या वतीने ती मीच करायचो. निवृत्ती जवळ आली तेव्हा मात्र एक दिवस अक्रोड फोडता फोडता म्हणाली, "वेल्को, एक तरी लेख माझा असू दे. आणि तो प्रोमायावर."

"वेड लागलंय का तुला? गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

तेव्हा तिने आईचं सांगितलं. आई गेली ती ऐन ऑगस्टात. खोलीत नुसता उकाडा, आणि म्हातारी पुन्हा पुन्हा म्हणायची, थोडं वारं येऊ द्या गं. भोवती मावश्या, आत्या, शेजारणी. सगळ्या म्हणाल्या, प्रोमाया लागेल. "आणि मी, वैद्यकी शिकलेली मुलगी, मीसुद्धा घाबरले. नाहीच उघडली खिडकी. मला एवढंच बघायचंय की माझी भीती खरी होती का." मग तिने एक अक्रोड माझ्यासमोर सरकवला आणि विषय बदलला.

त्या शरदात प्रयोग सुरू झाला. तळमजल्यावर शेजारशेजारच्या दोन खोल्या. एकीच्या खिडक्या बंद, दुसरीच्या समोरासमोरच्या दोन्ही उघड्या. गावातल्या स्वयंसेवकांनी रोज दुपारी तिथे बसायचं, पत्ते खेळायचे, गप्पा मारायच्या आणि सर्दी झाली, मान धरली, कान दुखला तर सांगायचं. कॉफी आणि खारी बिस्किटं फुकट. उघड्या खोलीसाठी कुणी मिळेना. शेवटी स्पासाच्या शेजारचे झिवोयिन काका पुढे आले. रेल्वेतले निवृत्त गार्ड. जुलैतसुद्धा गळ्यात लोकरी मफलर. ते म्हणाले, "आमच्या स्पासासाठी बसतो आपण." त्यांच्यामागोमाग चर्चच्या गायनमंडळातल्या बायका आल्या, देसांका बाईंच्या हुकमतीखाली.

मी म्हटलं, "खिडकीत वारा मोजायचं चक्र बसवून देतो. दिवसभराचा वारा आपोआप नोंदला जाईल."

"मी काय चोर पकडतेय?" ती म्हणाली. "सुरुवातीला मी खिडक्या उघडते, शेवटी येऊन लावते. मधे मी तिथे थांबत नाही. डॉक्टर समोर दिसला की माणसाला नसलेली दुखणी आठवतात. आणि आत बसलेत ते काय परके आहेत?"

बाहेर आमचा कोशावा वारा सुटला होता, झाडं झोडपत होता, आणि उघड्या खोलीत एकालाही साधी शिंकसुद्धा आली नाही. बंद खोलीत मात्र दोघंतिघं सर्दीने हैराण. स्पासाला आनंद लपवता येईना. तिने लेख लिहून व्हिएन्नाच्या एका नियतकालिकाला पाठवला आणि डिसेंबरात होकार आला. तिचं नाव पहिलं आणि एकटं.

पाठोपाठ संत निकोलाचा दिवस आला. तो रायकोव घराण्याचा संत, म्हणजे त्या दिवशी स्पासाकडे स्लावा, कुलसंताचा सण. स्लावाला कुणी कुणाला बोलावत नाही, ज्याला यायचं तो येतो. त्या वर्षी अख्खा प्रयोगच तिच्या घरी लोटला. नाताळाआधीच्या उपासाचे दिवस, मांस आणि दूधदुभतं बंद, म्हणून तिसा नदीतला मासा, घेवडा, गोड शिजवलेला गहू. राकिया दारूला मात्र उपास नाही. शेगडी धगधगत होती, बाल्कनीच्या उघड्या दारात सिगारेटवाले उभे होते. स्पासाचा चेहरा बिटासारखा लाल झालेला. तिने सहज हात लांबवून समोरची खिडकी उघडली.

मेजावरचा कागदी रुमाल उडाला आणि झिवोयिन काका ताडकन उठले, खिडकी धाडकन लावली, वर कडी घातली.

स्पासा हसायला लागली. "काका, इतके दिवस प्रोमायात बसलात, काय झालं तुम्हाला? आता घाबरता कसले?"

"कोण बसलंय?" काका तिसऱ्या पेल्यावर होते. "अगं पोरी, आम्हाला काय जीव नकोसा झालाय?"

"गप्प बसा हो!" देसांका बाई ओरडल्या, पण आता काका थांबतात कसले.

"तू पाठ फिरवलीस की मी खिडकी लावायचो. तू यायच्या आधी ह्या देसांकाबाई दारात पहारा द्यायच्या आणि मी उघडायचो. एकदासुद्धा चूक नाही! रेल्वेत काढलीयत वर्षं, गाडीची वेळ कळते आपल्याला."

"पण का?" स्पासाने विचारलं.

"का म्हणजे? आम्ही पटापट आजारी पडलो असतो तर तुझा प्रयोग फसला नसता? तुझं नाव खराब होऊ नये म्हणूनच केलं ना सगळं!"

त्यांना खरंच कौतुकाची अपेक्षा होती. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. स्पासा उठून स्वयंपाकघरात गेली, मी मागोमाग गेलो. ती ओट्याला टेकून उभी होती, चष्मा हातात.

"वेल्को, उद्या व्हिएन्नाला लिहिते. लेख परत घेते."

"कशाला? व्हिएन्नाहून कोण येतंय आपल्या खिडक्या बघायला? छापून येऊ दे, सुखाने निवृत्त हो."

"म्हणजे आईची खिडकी मी पुन्हा एकदा बंदच ठेवायची?"

तिने डोळे पुसले, चष्मा चढवला, गोड गव्हाचं ताट उचललं आणि बाहेर जाऊन पहिला चमचा झिवोयिन काकांना भरवला. स्लावाला घरी आलेल्या पाहुण्याला टोचून बोलायचं नसतं. मी तिच्या जागी असतो तर ताट त्यांच्या डोक्यात घातलं असतं.

लेख परत आला. संपादकांनी लिहिलं होतं, प्रयोग नीट करून पाठवलात तर पुन्हा विचार करू. नीट म्हणजे खरोखरच्या वाऱ्यात माणसं बसवून. आणि ती कुठून आणायची? हिवाळाभर मंडळी तिला टाळत होती. काका तिला बघून रस्ता ओलांडायचे. स्पासा जिना चढून यायची, पण अक्रोड तसेच पडून राहायचे, आणि माझी पक्कड शाबूत आहे याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

मार्चमध्ये तिने संस्थेच्या दारावर पुन्हा सूचना लावली. खाली एक ओळ जादा होती, की या वेळी उघड्या खोलीत मी स्वतः बसणार आहे. मी न विचारता खिडकीत चक्र बसवलं, तिने या वेळी काही म्हटलं नाही. खुर्च्या मांडल्या आणि एका खुर्चीत एकटीच बसून राहिली. मी तिच्या शेजारी बसलो. मान आत्ताच दुखायला लागल्यासारखी वाटत होती, पण तिला तसं एकटं बघवेना.

मग देसांका बाई आल्या. मागे गायनमंडळ. तळमजल्याचे उंदीरवाले दोघं आले, आमच्या मजल्यावरची दोन-तीन माणसं आली. सगळ्यात शेवटी काका. दारात थांबले, गळ्यातला मफलर सोडला, नीट घडी करून खुंटीवर ठेवला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांची मान बघितली, कोंबडीसारखी बारीक आणि पांढरीफटक. दोन खिडक्यांच्या बरोबर मध्ये जी खुर्ची होती तिच्यात ते बसले, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या आणि म्हणाले, "हं. उघड पोरी."

तिने दोन्ही खिडक्या उघडल्या. माझं चक्र गरगरायला लागलं. कुणी पत्त्यांना हात लावला नाही. गायनमंडळातली एक बाई पुटपुटत प्रार्थना म्हणत होती. हसायला येत होतं, पण ही माणसं मनापासून घाबरलेली होती. तरीही एकानेही खिडकीकडे हात नेला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभराने काकांनी पत्ते पिसले आणि मग खोलीत पहिल्यासारखा आरडाओरडा सुरू झाला.

वसंत सरता सरता हिशेब झाला. बंद खोलीत दोन आजारी. उघड्या खोलीत एक, आणि ती एक म्हणजे स्वतः स्पासा! भाचीच्या घरी गेली होती, तिथे पोरं एकमेकांच्या तोंडावर शिंकत होती, पण गावाला त्याच्याशी काय देणंघेणं? बाजारात एकच बोलणं, डॉक्टरीणबाईंना प्रोमायाने गाठलं बरं का. मी म्हटलं, तू तर संशोधक, तुझी गणती कशाला? तापाने फणफणलेली होती, तरी उठून बसली. "खुर्चीत बसले होते ना? मग धर मला." पुढे लेख छापून आला त्यात ती आजारी म्हणूनही आहे आणि लेखिका म्हणूनही. खरं तर तिच्या आजाराने निष्कर्षात काहीच फरक पडत नव्हता.

त्या आजारपणात आम्ही सगळे तिला बघायला गेलो. शेजारणींनी खिडकी लावून वर पडदा ओढला होता, पेटत्या शेगडीत आणखी लाकडं सारली होती, तिला दोन रजयांखाली दाबून टाकलं होतं. श्वास घ्यायची सोय नव्हती. ती डोळे मिटून पडली होती. ओठ हलले. "थोडं वारं येऊ द्या."

शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या. ते शब्द कुणाचे होते ते तिथे फक्त मला माहीत होतं. मी उठणार तेवढ्यात काका उठले आणि खिडकीपाशी गेले. मला वाटलं, कडी नीट बसलीय का ते बघताहेत. त्यांनी पडदा सारला आणि खिडकी सताड उघडली.

मग ते तिच्याजवळ आले, आपल्या गळ्यातला मफलर काढला आणि तिच्या गळ्याभोवती नीट गुंडाळला. आणि जाऊन समोरचं दारही उघडलं.