कॅबिनेटच्या खिडकीभोवतीचे आरसे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर माझं काहीच लपत नाही, पगारसुद्धा. मग तुम्हाला का सांगतोय? बहुतेक तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

आमचा तांडा दारव्ह्याजवळ. आम्ही बंजारा, घरात गोरबोली, बाहेर मराठी. आमची आडनावं मात्र अशी, की ती इतरांतही सर्रास असतात. यवतमाळला कॉलेजात गेलो तेव्हा वसतिगृहातल्या मुलांनी आडनाव ऐकून मला परस्पर कुठल्या तरी शहरी, नोकरदार घरात नेऊन बसवलं. वडील कोणत्या ऑफिसात आहेत, असं विचारलं. मी खोटं बोललो का? छे — मी नुसता हसलो. गप्प राहणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. किती सोयीची समजूत, नाही?

कॉलेजच्या प्रदर्शनात मला माझा कॉम्प्युटर मांडायचा होता. बाकीची मुलं त्यासाठी काचेची, रंगीत दिव्यांची कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचे बाहेरचे डबे, ऑनलाइन मागवत. मी भंगारातून एक जुनं, करड्या रंगाचं उचललं आणि दिवाळीच्या सुट्टीत ते घेऊन अंगणात बसलो. घासलं, ट्रॅक्टरला मारतात तो लाल रंग मारला. आतले पंखे दिसावेत म्हणून बाजूच्या पत्र्याला खिडकी कापायला घेतली — साध्या हॅक्सॉ ब्लेडनं, हातानं. कड अशी काही वाकडीतिकडी निघाली, की उंदरानं कुरतडल्यासारखी. कानस फिरवून फिरवून मी ती आणखीच बिघडवली. मला रडायचंच बाकी होतं.

याडी — आमच्यात आईला याडी म्हणतात — शेजारी डाळ निवडत बसली होती. ती उठली आणि पेटीतून तिची ओढणी घेऊन आली. आमच्या जुन्या पेहरावातल्या ओढणीला कपाळावर येणारी एक जड पट्टी असते, आरसे आणि कवड्या लावून भरलेली. ती तिनं लग्नाआधी स्वतः भरली होती. मी नको म्हणायच्या आत तिनं ती उसवलीसुद्धा. खिडकीच्या कडेनं पट्टी फिरवली, कोपऱ्यात कमी पडली तिथे नवे टाके घातले, मी गोंद लावून बसवली. आतून दुकानाच्या जुन्या पाटीचं अ‍ॅक्रिलिक लावलं, दिवे पेटवले. खरं सांगतो, इतकं देखणं कॅबिनेट मी कुठल्या दुकानात पाहिलं नव्हतं. आम्ही दोघं खुळ्यासारखे त्याच्याकडे बघत बसलो.

प्रदर्शनाला ये, असं मी तिला म्हटलं नव्हतं. ती आली. एरवी साडी नेसणारी याडी त्या दिवशी आमचा फेटिया म्हणजे घेरदार घागरा, भरतकामाची काचळी म्हणजे चोळी, हातभर बांगड्या अशी नटून आली. आपलं काम मांडलंय, तर असंच जायला हवं, असं तिला वाटलं असणार. कपाळावर मात्र ओढणीची कड मोकळी होती, उसवलेल्या दोऱ्यांची.

माझ्या टेबलाभोवती तेव्हा वसतिगृहातली सगळी मुलं उभी होती. आमच्या मॅडमनी कॅबिनेटकडे पाहिलं, मग याडीच्या काचळीकडे पाहिलं. दोन्हीकडचं भरतकाम एकाच हातचं. त्यांनी कौतुकानं विचारलं, या कोण?

आता — इथेच मी इतकी वर्षं अडतोय.

मी म्हणालो, "गावाकडच्या आहेत. भरतकाम यांच्याकडून करून घेतलं."

करून घेतलं! काय शब्द निघाला तोंडातून. याडीला मराठी कळत नाही असं थोडंच होतं? तिनं माझ्याकडे पाहिलं. एका शब्दात तिला मला उघडं पाडता आलं असतं. ती मॅडमना म्हणाली, "हो, यायच्याच गावची आहो मी. यायनं सांगतलं तसं करून देल्लं."

यायनं. ज्याला जन्मभर अरे-तुरे केलं, त्या पोराला अहो-जाहो. मॅडमनी तिचे हात हातात घेऊन शाबासकी दिली. मी वायरी नीट करत होतो. वायरी नीटच होत्या. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते. पण सगळ्यात जास्त लाज त्याची नाही वाटत — तेच तर सांगायचंय.

परत येताना जीपमध्ये तिनं फक्त जेवलास का, एवढंच विचारलं. मला वाटलं, सुटलो.

तांड्यावर बायका तिची वाटच बघत होत्या. काय झालं, लोक काय म्हणाले? याडीनं डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि आमच्या बोलीत सगळ्यांना सांगितलं — पोरानं भर कॉलेजात माझा हात धरला. म्हणाला, ही माझी याडी, हे सगळं हिनं केलंय.

बायका माझ्याकडे वळल्या. खरं का रे, एकीनं विचारलं. याडीही माझ्याकडेच बघत होती.

मी हो म्हणालो.