फियोर्डमधला चंद्रोदय

जूनमधल्या संकष्टी चतुर्थीला, दुपारी उशिरा, नॉर्वेतल्या एका फियोर्डमधून जाणाऱ्या बोटीवर माझा नवरा सुहास याच्या रक्तातली साखर एकदम उतरली आणि तो बाकावरून घसरून खाली बसला. आम्ही मिशिगनमधल्या ट्रॉयहून गेलो होतो. सहलीच्या गटात अमेरिकेतल्या निरनिराळ्या गावांत राहणारी मराठी कुटुंबं होती. फियोर्ड म्हणजे उंच कड्यांमधून डोंगरात खोलवर शिरलेली समुद्राची चिंचोळी पट्टी. तिथे बोट मध्यावर असली की मागे जायला आणि पुढे जायला सारखाच वेळ लागतो. आमची बोट मध्यावर होती.

सुहास कॉलेजात असल्यापासून संकष्टी करतो. दिवसभर उपासाचं खायचं आणि चंद्र उगवल्यावर गणपतीला नैवेद्य दाखवून जेवायचं, हा त्याच्या आईचा नेम त्याने उचलला. पुढे मधुमेह आला, इन्शुलिन सुरू झालं, तरी नेम सुटला नाही. ट्रॉयच्या डॉक्टरांशी बोलून त्याने संकष्टीचं वेगळं वेळापत्रक ठरवून घेतलं. इन्शुलिन टोचलं की लगेच साबुदाण्याची खिचडी किंवा वरीचे तांदूळ, आणि चंद्रोदयानंतर जेवण. मी रोज अथर्वशीर्ष म्हणते, देवावर माझी श्रद्धा आहे. पण इन्शुलिन आणि उपास यांची सांगड मला कधीच पटली नव्हती. परदेशातल्या सहलीत तर मुळीच नाही. निघण्यापूर्वी मी त्याला तसं सांगितलंही होतं. तो म्हणाला, "खिचडीचा डबा बरोबर घेऊ, काही होत नाही."

डबा घेतला होता. हॉटेलात आम्हाला छोटं स्वयंपाकघर मिळालं होतं, तिथे सकाळी मी खिचडी केली. बसमध्ये सगळ्यांना उपासाची बातमी कळलीच. अल्फारेटाचे देसाईकाका मागच्या सीटवरून ओरडले, "सुहासराव, इथे जूनमध्ये धड अंधारच पडत नाही. चंद्र कुठून काढणार?"

"मध्यरात्रीनंतर आहे काका, मी बघून ठेवलंय."

"मग आजचं फिश सूप आमच्या नावावर!" काका म्हणाले, आणि बस हसली. सुहासही हसला.

आमची गाइड ईशा मराठी आईवडिलांची, पण अमेरिकेतच, वेस्ट विंडसरला जन्मलेली आणि वाढलेली. धक्क्यावर उतरताना तिने सांगितलं, "गाइज, बॅग्ज बसमध्येच ठेवा. बस टनेलमधून पुढे जाते, आपण बोटने. पलीकडे मीट करू." दुपारचं जेवण लांबलं होतं. बोटीवर चढल्या चढल्या खिचडी खायची म्हणून सुहासने बसमध्येच इन्शुलिन टोचून घेतलं. मी डब्याची पिशवी सीटखालून काढून वर ठेवली, म्हणजे उतरताना हाताशी येईल. उतरताना ती पिशवी घेतली असं मला वाटलं, त्यालाही तसंच वाटलं. बोट निघाली तेव्हा दोघांच्याही हातात फक्त छत्र्या होत्या.

बोटीवरच्या छोट्या उपाहारगृहात वॉफल आणि सॉसेज होते. उपासाला दोन्ही चालत नव्हतं. ईशाने कोणाकडून तरी एक केळं आणून दिलं, ते त्याने खाल्लं. "एवढ्याने भागेल. पलीकडे बस उभीच आहे," तो म्हणाला. आम्ही वर डेकवर गेलो. दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे होते आणि त्यांवरून पांढरे धबधबे खाली येत होते. लोक फोटो काढत होते. सुहासने फोटो काढायचं थांबवलं, तेव्हा त्याच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला. मी त्याला आत बाकावर बसवलं. उपाहारगृहातून संत्र्याचा रस आणला. रस उपासाला चालतो, घरी तो नेहमी घेतो. पण त्याने तोंड फिरवलं.

"चंद्र दिसल्याशिवाय नाही."

साखर फार उतरली की माणूस भानावर राहत नाही, हट्टी होतो. हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी वाचलंही होतं. त्या बाकापाशी त्याचा उपयोग नव्हता. तो खाली बसला. त्याने दात घट्ट आवळले. रस त्याच्या शर्टवर सांडला. ईशा बोटीच्या कर्मचाऱ्यांना बोलवायला धावली. देसाईकाका त्याला पाठीमागून धरून बसले. "अरे बाबा, उघड की तोंड. तुझा बाप्पा रागावणार नाही," ते म्हणत होते. सकाळच्या थट्टेचा मागमूसही त्यांच्या आवाजात नव्हता.

तेवढ्यात समोरच्या रांगेतून एक बाई उठून आल्या. साठीच्या असाव्यात. त्यांनी बाही वर केली आणि दंडावर चिकटवलेला साखर मोजायचा सेन्सर मला दाखवला. "मलाही आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून ग्लुकोजच्या जेलची नळी काढली, सुहासची मान नीट धरली आणि थांबल्या. दात आवळलेले असताना जबरदस्ती केली तर घशात अडकेल, असं त्या म्हणाल्या. त्याला बोलतं करा, ओळखीचा आवाज ऐकू द्या.

माझा आवाज ओळखीचाच होता. तो पुरत नव्हता. मी त्याला हाका मारल्या, रागावले, विनवण्या केल्या. मग माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नाही. मी गणपतीला मनात एवढंच म्हटलं की, हा तुझा उपास आहे, आता तूच बघ. मागणं असं काही नव्हतं. मी हात खाली घेतले.

सुहासच्या खिशातला फोन वाजला. कड्यांमुळे रेंज येत-जात होती. पुण्याहून नणंदेच्या फोनवरून आवाजातला निरोप आला होता. मी तो लावून त्याच्या कानाशी धरला. माझ्या सासूबाई बोलत होत्या.

"सुहास, चंद्र आला हो. आता सोड उपास. जे काही समोर असेल ते खा. ऐकलंस ना?"

मी निरोप पुन्हा लावला. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "हो आई." त्या बाईंनी जेल त्याच्या तोंडात सोडलं. त्याने गिळलं. ईशा कर्मचाऱ्यांना घेऊन आली, तोवर त्याने रसाचा ग्लास स्वतः धरला होता. मग त्याने वॉफल मागितलं, आणि देसाईकाका धावत जाऊन दोन घेऊन आले.

मध्ये एका लहान धक्क्यावर बोट थांबली. ग्लुकोज देणाऱ्या बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, नळी तुमच्याकडेच राहू द्या म्हणाल्या आणि उतरून गेल्या. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. ती नळी आता आमच्या देवघरात आहे.

त्या रात्री बर्गनला पोचलो. डॉक्टरांनी सुहासला तपासून सोडलं. सकाळी बंदरावर पाऊस पडत होता. रंगीत लाकडी घरांसमोर आमचा गट ईशाच्या छत्रीमागून फिरत होता. सुहासही त्यांच्यात होता आणि देसाईकाकांनी त्याचा दंड सोडला नव्हता. या सहलीपूर्वी मी काळजी करण्यालाच काळजी घेणं समजत होते. डबा मी हाताशी ठेवला होता आणि तो बसमध्ये राहिला. जे उपयोगी पडलं, त्यातलं काहीही माझ्या नियोजनात नव्हतं. अजूनही मी डबा भरते आणि आता तो स्वतः हातात धरते. पण त्यापुढचं माझ्याकडे नाही, हे मला त्या बोटीवर कळलं, आणि तेव्हापासून मी शांत आहे. त्या बाईंची आणि गणपतीची मी ऋणी आहे.

बंदरावरच्या एका आडोशाला उभं राहून मी पुण्याला फोन लावला. सासूबाईंना बोटीवरचं काही माहीत नव्हतं. मी विचारलं, "आई, काल चंद्र छान दिसला का?"

"दिसतोय कसला! जूनचं आभाळ, गच्च भरलेलं."

"मग तुम्ही निरोपात चंद्र आला म्हणालात ते?"

"अगं, देवापुढे बसले होते. एकदम वाटलं, त्याला आत्ताच्या आत्ता खायला सांगावं. का वाटलं ते नको विचारूस. आणि चंद्राचं नाव काढल्याशिवाय तो ऐकतो का कुणाचं?"

मी निरोपाची वेळ तपासली. पुण्याच्या चंद्रोदयाला तेव्हा बराच अवकाश होता. नंतर मी नणंदेला वेगळा फोन केला आणि आई स्वतः कधी जेवल्या ते विचारलं. ती म्हणाली, निरोप पाठवून झाल्यावर आई देवापुढून उठल्या नाहीत. दिनदर्शिकेतली चंद्रोदयाची वेळ झाली, तेव्हा त्यांनी ढगांकडे पाहून अर्घ्य दिलं, नैवेद्य दाखवला आणि मग त्या जेवल्या.