कुंडीत पाणी कोण घालतं?

काटेताई हे तिचं नाव नव्हतं आणि आडनावही नव्हतं. दाताच्या ज्या दवाखान्यात ती रिसेप्शनला बसायची, तिथल्या खिडकीत तिने निवडुंगाच्या कुंड्या मांडल्या होत्या. डॉक्टर एकदा गमतीने तिला तसं म्हणाले आणि पेशंटांनी तेच खरं धरलं. एका आजोबांनी तर “काटे म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?” अशी चौकशी केली. तिने दिलं एक गाव ठोकून. आजोबांचे तिथे नातेवाईक निघाले, मग विषय बदलताना नाकी नऊ आले.

बाई मनाने वाईट नव्हती, पण फटकळ. समोरच्याला लागेल का, याचा विचार तिच्या डोक्यात यायचा, नाही असं नाही, पण बोलून झाल्यावर यायचा. लग्न झालं नव्हतं. भाऊ-वहिनीच्या घरात मागची एक खोली तिच्या वाट्याला होती आणि त्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची, बाकी काही नाही. पहिल्या कुंड्या तिने तिथेच ठेवल्या होत्या. उजेडासाठी माना लांब करून करून ती झाडं फिकट पडली, वाकडी झाली, आणि एक दिवस स्वतःच्याच वजनाने आडवी झाली. उरलीसुरली तिने पिशवीत घालून दवाखान्यात आणली. इथली खिडकी मोठी, सकाळचं ऊन थेट आत. चार महिन्यांत झाडं अशी भरली की येणारा माणूस दात विसरून आधी तिकडे बघायचा.

मग लोक आपापली आजारी झाडं घेऊन तिच्याकडे यायला लागले. आत डॉक्टर दात बघायचे, बाहेर ही पानं बघायची. पान दोन बोटांत धरून दाबायचं. पिवळं, मऊ, काचेसारखं आरपार दिसतंय? पाणी जास्त झालंय. पातळ पडून सुरकुतलंय? पाणी कमी. खोडाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही चिकटलंय? तो पिठ्या ढेकूण, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढा. स्पिरिट आणि कापूस तर दवाखान्यात हाताशीच. “निवडुंग आपणहून कधी मरत नाही,” ती म्हणायची, “त्याला मारायला माणूस लागतो.” आणि समोरच्या बाईकडे अशी बघायची की ती बिचारी गुन्हा कबूल करून टाकायची. हो, रोज घालते मी पाणी. सवयच आहे हो.

दवाखान्यात तिसरं माणूस म्हणजे मावशी. सकाळी कुलूप उघडणं, झाडलोट, फरशी, उपकरणं धुऊन उकळायला टाकणं, सगळं तिच्याकडे. डॉक्टर यायच्या आधी दोघी खिडकीपाशी बसून चहा घ्यायच्या. काटेताईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा वहिनी एकदा फळं घेऊन आली आणि घड्याळ बघत बसली. उशापायथ्याशी होती ती मावशी. तेव्हापासून घरचं रडगाणं काटेताई मावशीपाशीच गायची, आणि मावशी तिला “होईल गं सगळं नीट” म्हणायची. होत काहीच नव्हतं, पण ऐकायला बरं वाटायचं.

मावशीला त्या झाडांचं फक्त एक पटत नव्हतं. “दोन-दोन आठवडे कोरडी ठेवतेस. तहानलेल्याला पाणी देऊ नका म्हणणारी तू पहिलीच बघितली.” एकदा तिने दया येऊन तांब्याभर पाणी घातलंही होतं. काटेताईने डोळे वटारले, मावशीने कान पकडले, आणि तो विषय तिथेच संपला.

डॉक्टर जुन्या वळणाचे. हिरडी सुजलेला पेशंट आला की तपासायच्या आधी त्याला कोमट मिठाचं पाणी तोंडात धरून बसायला लावायचे. ते पाणी द्यायचं काम काटेताईचं. ग्लास हातात देऊन ती बजावायची, “गिळायचं नाही, बोलायचं नाही, तोंड उघडायचं नाही. आत बोलावलं की बेसिनमध्ये टाका.” बेसिन आत, खुर्चीशेजारी, एकच. बाकावर कायम दोघं-तिघं गाल फुगवून बसलेले असायचे. एवढा शांत दवाखाना दुसरा नसेल.

आणि मग खिडकीतली झाडं बिघडली.

सुरुवात बाकाच्या टोकाजवळच्या गोल निवडुंगापासून झाली. तो एका बाजूने खचला. शेजारच्या जाड पानांच्या झाडाची टोकं तपकिरी झाली, पानं सुरकुतली. सुरकुतलं म्हणजे पाणी कमी, हा काटेताईचाच नियम. पण बोट खुपसलं तर माती ओली! तिने तर तीन आठवड्यांत थेंब घातला नव्हता. म्हणजे मुळं सडली असणार, म्हणून पाणी वर चढत नाही. मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर धरला होता, तोही तिने ओळखला. नळाच्या जड पाण्याचे क्षार. म्हणजे कुणीतरी नळाचं पाणी घालतंय, आणि चांगलं रोजच्या रोज घालतंय. सगळं कसं चोख जुळलं. आता नळापाशी दिवसभर असतं कोण?

तिने खिडकीत कागद चिकटवला, “पाणी घालू नये.” माती ओलीच. गोल निवडुंग बुडातून मऊ पडला आणि हात लावल्यावर सालीसकट हातात आला. त्या दिवशी तिचा तोल गेला. दवाखाना भरलेला, मावशी फरशी पुसत होती.

“मावशी, पाणी तुम्हीच घालताय ना?”

“मी कशाला घालू? तू नको म्हणालीस, तेव्हापासून हात नाही लावला.”

“मग काय भुतं येतात पाणी घालायला?”

“मला काय माहीत, बाई.”

“तुम्हाला माहीत नाही, तेच तर म्हणते मी. घालता आणि विसरता. वय झालं की होतं असं. निदान कबूल तरी करा!”

मावशी फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली. बाकावरचे तिघं गाल फुगवून सगळं ऐकत होते, पण त्यांना बोलायची सोय नव्हती. आत डॉक्टरांनी मशीन थांबवलेलं होतं. मावशी एवढंच म्हणाली, “विसरत नाही गं मी,” आणि वाकून पुन्हा पुसायला लागली.

डॉक्टर भित्रा माणूस. पाण्याचं त्यांना काही नव्हतं, पण विसरण्याचं त्यांनी मनात धरलं. दोन-तीन दिवसांनी त्यांनी मावशीला हळूच विचारलं, “मावशी, उपकरणं उकळता ना नीट? म्हणजे, राहून तर जात नाही ना कधी?” मावशीने त्यांच्याकडे बघितलं, कमरेची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि चप्पल घालून निघून गेली. इतक्या वर्षांत एक सुई उकळायची राहिली नव्हती.

काटेताईला वाटलं, येईल राग उतरला की. नाही आली. फोन केला तर मुलीने उचलला. “आईला आता काम झेपत नाही, आम्हीच नको म्हटलं.” काटेताईने ते सोयीस्करपणे खरं मानलं. झाडलोटीला दुसरी बाई लागली. ती सकाळी यायची, भराभर आवरायची आणि खिडकीकडे ढुंकूनही न बघता जायची.

तरी माती ओलीच.

हे कळलं तेव्हा काटेताईचं बोट कुंडीतच राहिलं. मावशी तर कधीच गेली होती. आता तिला झाडाचं काय होतंय यापेक्षा ते कुणामुळे होतंय हे कळायला हवं होतं. दुपारी दोन पेशंटांना मिठाचं पाणी देऊन ती बाजूच्या सामानाच्या खोलीत गेली आणि दाराच्या फटीतून बघत उभी राहिली.

इस्त्रीचा शर्ट, चकाकते बूट, रिटायर्ड साहेब वाटावेत असे एक गृहस्थ गाल फुगवून बसले होते. ते उठले. डॉक्टरांच्या खोलीच्या दारापाशी गेले. आत मशीन घरघरत होतं, दार बंद. त्यांनी घड्याळ बघितलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग हात मागे बांधून, अगदी रसिकपणे, खिडकीतल्या झाडावर वाकले. आणि सगळं पाणी कुंडीत सोडून दिलं.

“अहो!” काटेताई ओरडत बाहेर आली.

गृहस्थांनी आधी रुमालाने तोंड टिपलं. “बेसिन आत आहे हो. किती वेळ धरून ठेवणार माणूस? जमिनीवर टाकणं बरं दिसतं का? आणि विचारायचं तर तुम्हीच म्हणालात, तोंड उघडायचं नाही.”

शेजारच्या बाईने फुगलेल्या गालांनी मान हलवली. हो, हो. मग तीही उठली, कुंडीत तोंड मोकळं करून आली, आणि म्हणाली, “सगळेच तिथे टाकतात. आम्हाला वाटलं, त्याच्यासाठीच ठेवलीय.”

काटेताई खुर्चीत बसली. पांढरा थर नळाचा नव्हता, मिठाचा होता. मुळांना मीठ लागलं की ओल्या मातीतही झाड तहानेनं सुरकुततं. हे तिला ठाऊक होतं! दुसऱ्या कुणी कुंडी आणली असती तर तिने झटक्यात ओळखलं असतं. आणि ते मीठ ती स्वतः चमच्याने मोजून ग्लासात घालत होती. तिने तेव्हाच एक बादली आणून बाकाखाली ठेवली, डॉक्टरांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं, आणि संध्याकाळी मावशीचं घर गाठलं.

दार मुलीने उघडलं. मावशी पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. अंगाने वाळली होती. काटेताई चप्पल काढता काढताच बोलायला लागली, “मावशी, तुम्ही नव्हता. पाणी पेशंट टाकत होते. तोंडातलं. मीच देत होते ते मिठाचं पाणी. चुकलं माझं. फार चुकलं.”

मावशीच्या हातात नातीचा फ्रॉक होता. “म्हणजे मी घालत नव्हते?”

“नाही हो.”

“नक्की? एकदासुद्धा नाही?”

“एकदासुद्धा नाही.”

मावशीने फ्रॉक मांडीवर ठेवला आणि मोठा श्वास सोडला. “मला वाटायला लागलं होतं, घालतच असेन. तू कशाला खोटं बोलशील? परक्या कुणी म्हटलं असतं तर चार शब्द सुनावले असते. पण म्हणालीस तू. मग मी आठवून आठवून बघायचे. नळ बंद केला का, दार लावलं का. केलेलं असायचं, तरी उठून बघायचे. शेवटी एकदा मुलीपाशी बोलून बसले, की मला विसरायला होतंय बहुतेक. तेव्हापासून ही मला नातीजवळ एकटी सोडत नाही.”

 मावशीने मुलीला हाक मारली. “ये गं इकडे.” मग काटेताईला म्हणाली, “हिला सांग सगळं, माझ्यासमोर सांग.”

काटेताईने सगळं सांगितलं, त्या गृहस्थांच्या मागे बांधलेल्या हातांसकट. मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मुलगीही हसली. “बरं झालं सांगितलंत,” ती म्हणाली, “आईच्या मनाला लागलं होतं.”

“मग?” मावशीने विचारलं. “उद्या नातीला मी बागेत नेऊ?”

“बघू.”

“बघू काय? ऐकलंस ना आत्ता?”

“ऐकलं गं आई. पण परवा दूध उतू गेलं. त्याआधी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत होतीस.”

“दूध तुझंही उतू जातं!”

“माझं वेगळं,” मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली. त्या सुरात राग असता तर काटेताई भांडली असती. पण मुलीला आईची काळजी होती, आणि ती काळजी काटेताईनेच या घरात आणून सोडली होती. आता ती तिच्या सांगण्याने बाहेर जाणार नव्हती.

“बरं, चहा तरी टाकते,” म्हणत मावशी उठली.

“तू बस, मी करते,” मुलगी म्हणाली. तिने कपाटाच्या वरच्या कप्प्यातून गॅसचा लायटर काढला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

मावशी बसली. थोडा वेळ तिने फ्रॉकची घडी नीट केली. मग काटेताईकडे सरकून, आत ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, “साखर खालच्या फळीवर, डावीकडून दुसरा डबा. चहाची पावडर त्याच्या मागे. जा ना, बघून ये.”