आखाजीचं टेबल

आमच्या ओसरीतल्या टेबलाचं कोणी कौतुक केलं की मी काहीतरी निमित्त काढून आत जातो. पाहुण्यांना वाटतं, मास्तर लाजाळू आहेत. लाज आहे हे खरं, पण ती कौतुकाची नाही.

मी नंदुरबारच्या एका शाळेत शिकवतो आणि राहतो रनाळ्याला, आमच्या घरी. घरात बायको, मी आणि माझे वडील. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पांनी आयुष्यभर शेती केली आणि पत्ते खेळले. म्हणजे रोज नाही. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पत्ते खेळायची सगळ्यांना मोकळीक असते. सकाळी घागर पुजायची, आमरस-पुरणपोळी हाणायची, लेकीबाळी झोक्यावर गाणी म्हणायला लागल्या की बाप्यांनी मारुतीच्या पारावर सतरंजी टाकायची. एरवी पत्त्यांना हात लावला म्हणून पोरांना बदडणारी माणसंही त्या दिवशी मांडी ठोकून बसतात. पैसे लावणारे वेगळे बसतात. आप्पांचा डाव मेंढीकोटचा, चौघांचा. दोघं-दोघं भिडू, चारही दश्श्या खेचल्या की समोरच्यावर कोट. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना भुईमुगाच्या शेंगा द्यायच्या, एवढाच काय तो जुगार. पण आप्पा पत्ते पिसायला लागले की आजूबाजूचे डाव थांबायचे. तो पिसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

दोन वर्षांपूर्वी आप्पा मोरीत पडले आणि खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला आणि जमिनीवर बसणं कायमचं बंद झालं. त्यानंतरच्या आखाजीला मी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पारापाशी नेलं. खाली सतरंजीवर डाव, वर खुर्चीत आप्पा. थोड्या वेळात त्यांचा जुना भिडू ओरडला, "आरे, हाऊ तं वरथीन सगळास्ना पत्ता पाही ऱ्हायना! खुर्ची तिकडे सरकाव!" सगळे हसले. आप्पाही हसले. मी खुर्ची लांब लिंबाखाली नेली. तिथून आप्पांना ना पत्ते दिसत होते ना बोलणं ऐकू येत होतं. जरा वेळाने मला म्हणाले, "घर चाल, भाऊ. ऊन व्हयी ऱ्हायनं." ते सावलीत बसले होते.

त्याच दिवशी मी ठरवलं, पुढच्या आखाजीला डाव आप्पांच्या उंचीवर आणायचा. चौघं खुर्च्यांवर बसतील असं टेबल करायचं, आणि ते मी स्वतः करायचं. विकत घेता आलं असतं. गावात सुतारही आहे. पण मला हौस, आणि हौसेपेक्षा मिजास जास्त. मास्तरने वडिलांसाठी स्वतःच्या हाताने टेबल केलं, असं लोकांनी म्हणावं, हे मनात होतंच. आता लिहिताना कान गरम होतात, पण होतं.

लाकूड घरचंच. आमची बैलगाडी कधीची मोडून गोठ्यात पडली होती. तिच्या तळाच्या फळ्या सागाच्या, बोटभर जाड, एकदम टणक. फक्त काळ्याकुट्ट. वाळवी लागू नये म्हणून आप्पा दरवर्षी पावसाळ्याआधी त्यांना इंजिनाचं जळकं ऑइल पाजायचे. आमच्याकडे सगळेच पाजतात. दाराच्या चौकटी, गोठ्याच्या मेढी, गाडी, जे लाकूड दिसेल त्याला जळकं ऑइल. मी म्हटलं, घासलं की निघेल. थंडीच्या दिवसांत रोज शाळेतून आलो की रंधा मारायचा, मग पॉलिश पेपर. आधी जाडा, मग बारीक. काळा थर गेला आणि खालून पिवळसर साग निघाला तेव्हा मला माझाच अभिमान वाटला. मोबाइलवर फोटो काढले, गावाच्या ग्रुपवर टाकले. अंगठेच अंगठे आले.

फळ्या जोडल्या, पाय ठोकले. मग रंगाचा नाद लागला. दुकानातून अक्रोडी रंगाचा स्टेन आणला, फडक्याने लावला, पुसला, पुन्हा लावला. त्यावर वॉर्निशचा हात. एक हात वाळला की बारीक पेपर मारायचा, पुसायचं, दुसरा हात. मोबाइलवर मी एका परदेशी सुताराचे व्हिडिओ बघायचो. तो म्हणायचा, घाई नको, प्रत्येक हात पुरता वाळू द्या. त्याच्या खोलीत खिडकीबाहेर बर्फ पडत होता. आमच्याकडे उन्हं तापायला लागली होती.

आणि इथून आप्पांचं सुरू झालं. टेबल ओसरीत, आप्पांची खाट ओसरीत. वॉकर टेकत टेकत ते टेबलापाशी यायचे आणि त्यावरून हात फिरवायचे. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा, सावकाश. "वाळनं का, भाऊ?" असं विचारायचे. वॉर्निशवर बोटांचे ठसे उमटायचे. ते मला पेपर मारून काढावे लागायचे आणि पुन्हा हात द्यावा लागायचा. पहिल्यांदा मी नीट सांगितलं. दुसऱ्यांदा जरा चिडून. मग एकदा शाळेतून तापून आलो होतो, पाहतो तर मधोमध आख्खा पंजा उमटलेला. मी ओरडलो, "आप्पा, कितलांदाव सांगं तुमले, हात नका लावू! एक गोष्ट कळस नही का तुमले?"

शाळेत मी याच आवाजात ओरडतो. पोरं गप होतात. आप्पाही गप झाले. बायको आतून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि आप्पांना खाटेपर्यंत घेऊन गेली. "तुम्ही ते टेबल कोणासाठी करताय?" एवढंच तिने मला नंतर विचारलं. मी म्हटलं, "दिसत नाही का कोणासाठी?" त्या दिवसापासून आप्पांनी टेबलाला हात लावला नाही. संडासाला जाताना टेबल वाटेत यायचं, तर ते वॉकर भिंतीकडून घ्यायचे, लांबून. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, कळलं एकदाचं. असं मला बरं वाटलं होतं, याचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

आखाजी दोन दिवसांवर आली तेव्हा टेबल झकास दिसत होतं. पण मला आणखी चमक हवी होती, म्हणून शेवटचा एक जाड हात दिला. सकाळी बोट लावून बघितलं, कोरडं ठणठणीत. दुपारी कुठे बघितलं? दुपारी मी शाळेत. दुपारच्या उन्हाने ओसरीचे पत्रे तापतात आणि घर भट्टीसारखं होतं. वर्षानुवर्षं पाजलेलं ऑइल मी वरवर घासून काढलं होतं. आतलं तसंच होतं. ऊन लागलं की ते घामासारखं वर येत होतं आणि वॉर्निशला वाळू देत नव्हतं. हे मला नंतर समजलं.

आखाजीच्या दिवशी आप्पांनी नवा पांढरा शर्ट घातला, पूर्ण बाह्यांचा. टोपी घातली. दाढी बायकोकडून आरसा मागून घेऊन स्वतः केली. जेवताना रस कमी घेतला. "झोप येस," म्हणाले. त्यांचे तिघं जोडीदार आले, खुर्च्यांवर बसताना जरा बावरले, मग टेबल थोपटून म्हणाले, "मास्तर, भारी करं बरं का! सायबनं घर वाटी ऱ्हायनं." मी दारात उभा राहून हसलो. आप्पांना मी भिंतीच्या बाजूला बसवलं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागणार नाही. ती कडेची फळी गाडीच्या आसाजवळची, सगळ्यात जास्त तेल प्यायलेली. तेही नंतर कळलं.

पहिला डाव आप्पांनी पिसला. तोच आवाज. आत पोळ्या झाकणारी बायको थांबली आणि माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यात मागचं सगळं माफ होतं, असं मला वाटलं.

मग डाव रंगला. आप्पा डावा हात टेबलावर टेकून, त्यात पत्ते धरून खेळत होते. उजव्या हाताने पान टाकायचे. दोनदा कोट चढवला. पुढे त्यांची पिसायची पाळी आली तेव्हा भिडूला म्हणाले, "तू पिस, मन्हा हात दुखी ऱ्हायना." मी पाणी नेलं. तिघं प्यायले. आप्पा म्हणाले, "नको." पन्हं नेलं, तेही नको. एवढ्या उकाड्यात नको म्हणतात, खेळात किती रमलेत, असं मी बायकोला कौतुकाने सांगितलं. मध्येच जोडीदार पाय मोकळे करायला, लघवीला म्हणून उठले. आप्पा एकटेच बसून राहिले. मी मोबाइलवर त्यांचा फोटो काढला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. पुढे कधी तो मोठा करून नीट बघितला, तर डावा हात कसा टेबलाला दाबून धरलाय ते दिसतं. तेव्हा दिसलं नव्हतं.

उन्हं कलली. तिघं उठले, आप्पांना राम राम केला. भिडू म्हणाला, "सकाय बी येतस आम्ही. टेबल तठेच ऱ्हाऊ दे." आप्पांनी उजवा हात वर केला. डावा टेबलावरच. सगळे गेले. मी वॉकर पुढे केला. "चला आप्पा, आडं पडा जरा."

"बठू दे."

"उठा ना. दुपारपासून बसेल शेतस."

"तू जाय. सूनले बोलाव."

"तिचं काय काम? माले सांगा."

शेवटी मी तिला हाक मारली. बायको बाहेर आली, तिने वाकून त्यांच्या तोंडाजवळ कान नेला. ते काहीतरी पुटपुटले. तिने पटकन खांद्यावरचा पदर त्यांच्या हातावर टाकला, माझ्यापासून झाकायला. मी पुढे होऊन तो बाजूला केला. कोपरापासून मनगटापर्यंत शर्टाची बाही वॉर्निशमध्ये रुतून बसली होती, आणि कापडातून काळं तेल वर आलं होतं. मनगटाशी, जिथे बाही संपते, तिथली कातडीही चिकटली होती आणि कधीतरी ओढून पाहिल्यामुळे लाल झाली होती. म्हणजे पिसायला नको म्हणाले तेव्हाच त्यांना कळलं होतं. आणि दुपारभर ते तसेच बसले होते, पाणी न पिता, कारण पाणी प्यायलं तर उठावं लागलं असतं.

माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते असं, की बिचाऱ्यांनी माझी अब्रू राखली. जोडीदारांसमोर पोराच्या टेबलाचं हसं होऊ नये म्हणून बसून राहिले. डोळे भरून आले. मी टेबलावर वाकलो आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

तो चेहरा मला ओळखीचा होता. नोकरीत लागल्यापासून मी तो बघत आलोय. प्रयोगशाळेतली काचेची नळी फुटली की तुकडे पाठीमागे धरून उभ्या राहणाऱ्या पोराचा तो चेहरा.

"मी हात नही लावा, भाऊ," आप्पा म्हणाले. "नुसता पत्ता धरेल व्हतू. आपोआप चिकटना. तुन्हं टेबल खराब व्हयी गयं. रागाऊ नको."

बायको कात्री आणायला आत गेली. ओसरीत आम्ही दोघंच. चूक माझी होती, टेबल गेलं चुलीत, हे मला सांगायचं होतं. मी तोंड उघडलं, आणि आप्पांनी डोळे घट्ट मिटून घेतले.