आकारामची फडकी

उंब्रजच्या आकारामनं पस्तीस हंगाम गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढं काढले. रस उकळायच्या काहिलीखाली उसाची चिपाडं सारायची, जाळ राखायचा आणि धूर डोळ्यांत गेला की खांद्यावरच्या टॉवेलनं पुसायचा. एवढ्या वर्षांत त्याला धड खोकलाही आला नाही. त्यामुळं सत्तरी ओलांडल्यावर महामार्गाकडेला पहाटे फिरताना दम लागू लागला, तेव्हा त्याला भीतीपेक्षा नवलच जास्त वाटलं.

जानेवारीत शेजारच्या रानात उसाचा पाला पेटवला. धूर घरात शिरला आणि संध्याकाळपर्यंत आकारामला बसल्या जागी श्वास पुरेना. मुलगा शंभूराज त्याला तातडीनं मिरजेला दवाखान्यात घेऊन गेला. चौथ्या दिवशी जरा बरं वाटल्यावर आकारामनं तपासायला आलेल्या डॉक्टर त्रिशलाबाईंना थांबवलं.

"बाई, पस्तीस वरसं धूर खाल्ला. तवा काय झालं न्हाई, मग आत्ताच का?"

घरी कधी सोडणार, हे सगळेच विचारायचे. हा प्रश्न वेगळा होता. बाई स्टूल ओढून बसल्या.

"झालं नाही असं नाही, आजोबा. दिसलं नाही. तरुणपणी फुप्फुसाची ताकद गरजेपेक्षा जास्त असते, थोडी गेली तरी कळत नाही. श्वासनळ्यांना आतून बारीक केसांसारखे तंतू असतात, ते धूळ वर ढकलत राहतात. वय झालं की ते मंदावतात, खोकल्यातला जोर जातो, बरगड्या ताठ होतात. आत गेलेलं आतच राहतं. त्याचा ताण हृदयावरही येतो."

"म्हंजे आतली झाडलोट करणारी मानसं म्हातारी झाली."

"तसंच म्हणा."

"आन् ह्या शंभूला कसं काय हुत न्हाई?"

"त्यालाही होतंय. त्याच्याकडं अजून शिल्लक आहे, एवढंच."

पलंगाशी उभ्या शंभूराजनं मोबाईल खिशात ठेवला.

घरी आल्यावर आकारामनं जुनं पांढरं धोतर फाडून फडकी केली. ओली करून ती पहाटे, दुपारी, संध्याकाळी रोज दोन-दोन तास महामार्गाकडच्या दारापुढं टांगली आणि पहाटे एक मागच्या परसातही.

"मामंजी, हे काय मांडलंय?" सून अंजनानं विचारलं.

"धूळ कवा जास्त बसती, बघू तरी."

पहिले दोन दिवस ती हसली. तिसऱ्या दिवसापासून फडक्याच्या कोपऱ्यावर तीच पेनानं वेळ लिहू लागली.

आठ दिवसांनी सगळी फडकी ओट्यावर पसरली. दारापुढची पहाटेची सगळ्यात काळी. थंडीत वारं पडलेलं असायचं, ट्रकांचा धूर खालीच साचायचा. आकाराम नेमका त्याच वेळेला फिरत होता. दुपारची त्यामानानं उजळ. पण परसातलं पहाटेचं फडकं दारापुढच्याइतकंच मळलेलं. परस तर रस्त्यापासून लांब, मागं नुसतं रान. असं कसं?

अंजनानं परसातल्या चुलीकडं बोट केलं. आकारामला आंघोळीचं पाणी चुलीवरचंच लागायचं. त्यापायी ती रोज पहाटे पाचटाचा जाळ घालत बसायची. बारा वर्षं.

"तुला खोकला येतो व्हय गं?"

"थंडीत येतो. पण मी कुटं म्हातारी झाले?"

दुसऱ्या दिवसापासून पाणी गॅसवर तापू लागलं आणि आकारामचं फिरणं ऊन वर आल्यावर, रस्ता सोडून कृष्णेच्या वाटेनं सुरू झालं.

महिन्यानं तपासणीला जाताना त्यानं फडकी पिशवीतून नेली. त्रिशलाबाईंनी एकेक उलगडून पाहिलं.

"चांगलं केलंत. पण आजोबा, फडक्यावर दिसते ती जाड धूळ. सगळ्यात बारीक कण ह्यातून आरपार जातात. म्हाताऱ्या छातीला तेच जास्त छळतात."

आकारामनं एक फडकं उजेडात धरलं.

"मग ते कशावर दिसतील?"

"त्याचं यंत्र असतं."

"कुटं बघाय मिळंल?"

बाहेर पुढचा पेशंट ताटकळला होता. बाईंनी कागद ओढला आणि पत्ता लिहायला घेतला.