गुळाची उरलेली ढेप

मांजरी गावच्या भजनी मंडळात संभाजीरावांच्या पखवाजाशिवाय अभंगाला रंग चढत नसे. कोपरांवरचा सोरायसिस वीस वर्षांचा जुना, त्याची त्यांना सवयच झाली होती. पण पुढे तो आजार सांध्यांत उतरला, बोटं रताळ्यांसारखी सुजली आणि पखवाज कोनाड्यात गेला.

पुण्यातल्या डॉक्टर प्रियदर्शनींनी त्यांना काट्यावर उभं केलं. शहाण्णव किलो.

"गोळ्या मी देतेच. पण अंगावरची जास्तीची चरबी ही सूज धुमसत ठेवते, औषधालाही पुरतं काम करू देत नाही. आपण दहा किलो कमी करा."

"मॅडम, आठ महिनं थांबलं तर?"

"का? मुहूर्त नाही?"

अडचण खरीच होती. आठ महिन्यांनी एकसष्टी, आणि तिला गूळतुला ठरलेली. संभाजीरावांच्या वजनाइतका गूळ भावकीत वाटायचा होता. मुलानं, इंद्रजीतनं, गुऱ्हाळात दहा-दहा किलोच्या दहा ढेपा सांगूनही टाकल्या होत्या. आता माणूस वाळला तर गावात काय शोभा राहील?

घरी बायकोनं, बायडाबाईंनी, निकाल लावला. "एकसष्टीला पखवाज वाजवायचाय का पारड्यात नुसतं बसायचंय, त्ये ठरवा. गूळ काय, पोरं खात्याल."

दुसऱ्या दिवसापासून चहातली साखर गेली, तीन भाकरींच्या दीड झाल्या आणि सकाळी कालव्याच्या कडेनं चालणं सुरू झालं. पारावरून भावकीतला रामदास ओरडे, "दादा, आमचा गूळ कमी व्हायलाय!"

"तुझ्याच वाट्याचा करतोय!"

गोळ्या चालूच होत्या. कोपरांवरचे चट्टे फिके पडले, गेले मात्र नाहीत. पण सहाव्या महिन्यात एका सकाळी मूठ मिटली. ती त्यांनी बायडाबाईंना तीनदा मिटून दाखवली.

एकसष्टीला संभाजीराव पारड्यात बसले. नववी ढेप ठेवताच ते वर उचलले गेले.

"आता दहावीचं काय करायचं?" इंद्रजीत गोंधळला.

संभाजीराव खाली उतरले. आठ महिन्यांपूर्वी चहाचा कपही न पेलणाऱ्या त्या हातांनी त्यांनी ढेप उचलली. "ही मी इतकी वर्षं अंगावर घेऊन हिंडत हुतो. द्या रामदासला!"

पखवाजाला लावायची कणीक बायडाबाईंनी सकाळीच भिजवून ठेवली होती. पहिल्या थापेला संभाजीरावांची करंगळी जराशी दुखली. दुसरी थाप त्यांनी जोरात मारली.