ग्रीस बदलून घ्या

वडप्याच्या गोदामात हेमाली भोईर पोचली तेव्हा तिच्या नावाचा गेटपास कोणी काढून ठेवला नव्हता. वॉचमनने तिला पाऊण तास उन्हात उभं केलं. मग तिच्यासमोरच आत फोन लावून विचारलं, "सर्व्हरवाली बाई आयी है, छोड दूँ क्या?" पलीकडचं उत्तर ऐकून तो हसला. उत्तर काय होतं ते त्याने सांगितलं नाही, पण फाटक उघडलं.

हेमाली खारबावची. वय सत्तावीस. बाप राघो भोईर भिवंडीच्या यंत्रमागांवर जॉबर होता, म्हणजे बिघडलेला लूम पुन्हा चालता करणारा माणूस. बंद पडलेल्या यंत्राजवळ आधी थोडा वेळ गप्प उभं राहायचं, एवढी एक सवय तिने त्याच्याकडून घेतली होती. डिप्लोमा करून ती ठाण्याच्या एका कंपनीत लागली आणि हायवेवरच्या गोदामांचे सर्व्हर तिच्याकडे आले. कामावर जाताना ती साधा सुती ड्रेस घालायची. बांगड्या नाहीत, अंगठी नाही, नायलॉनची ओढणी तर नाहीच. अंगातून निघणारी, डोळ्यांना न दिसणारी ठिणगीसुद्धा चिप मारून टाकते. तिच्या आईला, ठकुबाईला, हे पटत नसे. मोकळ्या हातांनी लेक बाहेर पडली की ती रोज म्हणायची, "असे भुंडे हात बघून लोकांनी काय समजायचं?"

पण ते हातच हेमालीचं सगळं होतं. दसऱ्याच्या सुमारास कोन गावातल्या एका गोदामाने तिची तक्रार केली होती: बाई उलट बोलते. ती बोलली होती हे खरं होतं. तेव्हा तिच्या वरिष्ठ वैशाली मॅडमनी शांतपणे बजावलं होतं, अजून एक तक्रार आली तर बाहेरची कामं बंद, कायमची फोनवर बसशील. फोनची ड्युटी महिन्यातून एक आठवडा सगळ्यांनाच असायची. कानाला हेडफोन, आणि हात मांडीवर निजलेले. तो आठवडा हेमालीला आजारपणासारखा वाटायचा.

गोदाम केसरीनाथशेठचं. जिथे त्यांची भातशेती होती तिथेच आता पत्र्याची शेड होती. कारभार मुलगा देवेश बघायचा. सर्व्हरमधल्या दोन प्रोसेसरपैकी दुसरा गेला होता, अर्ध्या ताकदीवर माल निघत होता, आणि ट्रकांची रांग हायवेपर्यंत लागली होती. नवा प्रोसेसर हेमालीच्या बॅगेत होता. देवेशने मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. जे काय करशील ते कॅमेऱ्यासमोर, काही मोडलं तर तुझ्या माथ्यावर, असं त्याने पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलं.

सर्व्हर रूमच्या दारात खुर्ची टाकून केसरीनाथशेठ बसले होते.

"कोनाची गो तू?"

"खारबावच्या राघो भोईरांची."

"राघो जॉबर?" म्हाताऱ्याने आठवून तोंड वाकडं केलं. "माझ्या लूमवर व्हता. तोंडाचा लय तिखट मानूस व्हता."

"अजून आहे," हेमाली म्हणाली.

देवेशने सर्व्हरची लाईट काढल्याचं सांगितलं. तिने मागे जाऊन पाहिलं तर एकच केबल काढलेली होती. सर्व्हरला दोन बाजूंनी वीज येते, एक गेली तर दुसरी त्याला जागा ठेवते. आधी सर्व्हर नीट बंद करायचा, मगच केबली काढायच्या, हे तिने सांगितलं. देवेशला ते लागलं. एवढं कळतं मला, तो म्हणाला. तिने सर्व्हर रीतसर बंद केला, दुसरी केबल काढली, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं आणि आत उरलेली वीज जाऊ दिली. मग अंगातली ठिणगी उतरून जावी म्हणून मनगटाला पट्टा बांधून त्याची तार रॅकच्या उघड्या लोखंडाला अडकवली.

"राखी कोणाला बांधतेस?" देवेशने विचारलं. मागची दोन-तीन माणसं हसली.

"रॅकला," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य गिळलं.

सर्व्हर रुळांवरून बाहेर ओढून तिने विचारलं, हा याआधी कोणी उघडला होता का. देवेश म्हणाला, कोणी हात लावलेला नाही. बापाकडे बघून त्याने तेच पुन्हा म्हटलं. तिने झाकण काढलं. आतून एक वास आला आणि ती थबकली. हा वास इथला नव्हता. तो बापाच्या शर्टाला यायचा.

प्रोसेसरच्या डोक्यावर उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा असतो, चार स्क्रूंनी आवळलेला. तिने एका कोपऱ्याचा स्क्रू जरासा सैल केला, मग तिरका समोरचा, मग उरलेले दोन, असं थोडं थोडं फिरवत चारही सोडवले आणि ठोकळा सरळ वर उचलला. खाली राखाडी पेस्टचा पातळ थर असायला हवा होता. तिथे तपकिरी, चिकट ग्रीस होतं आणि त्यात कापसाचं तूस अडकलं होतं. उष्णतेने ते पातळ होऊन प्रोसेसरच्या कडेपर्यंत ओघळलं होतं. प्रोसेसरखालच्या सॉकेटमध्ये केसाहून बारीक अशा दोन हजार पिना उभ्या असतात. त्यांवर एक थेंब पडला असता तर प्रोसेसर बदलून भागलं नसतं, सगळा बोर्डच गेला असता.

"हे लूमचं ग्रीस आहे," हेमाली म्हणाली.

देवेश एकदम उसळला. "मी काय माझ्या मनाने नाही लावलं. तुमच्याच फोनवरच्या बाईने सांगितलं. सर्व्हर तापतोय म्हटलं तर म्हणाली, ग्रीस सुकलं असेल, बदलून घ्या. मी बदलून घेतलं."

"कधी?"

"दिवाळीच्या आदल्या सोमवारी. दुपारी."

हेमालीच्या हातात पुसायचं कापड तसंच राहिलं. त्या सोमवारी फोनवर ती होती. मागे ट्रकांचे हॉर्न वाजत होते, एक पुरुष ओरडून बोलत होता, आणि तिला तो फोन लवकर संपवायचा होता. त्या पेस्टला बाजारात सगळे ग्रीसच म्हणतात. तीही म्हणाली होती. बदलून घ्या म्हणजे आमच्याकडून बदलून घ्या, हे तिच्या मनात होतं, तोंडात आलं नव्हतं. लूमच्या गावात वाढलेल्या माणसाने ग्रीस म्हटल्यावर दुसरा कुठला डबा उघडायचा?

कंपनीत फोनचं रेकॉर्डिंग पंधरा दिवस राहतं. ते केव्हाच पुसलं गेलं होतं. देवेशने तिचा आवाज ओळखला नव्हता. ग्राहकाने सर्व्हर उघडला, भलतंच ग्रीस लावलं, ही एक ओळ लिहिली असती तर कुठलीही तक्रार तिच्यापर्यंत पोचली नसती.

"ती बाई मी होते," हेमाली म्हणाली.

देवेशने मोबाइल जवळ आणला. "परत बोल. नीट बोल."

"त्या दिवशी फोनवर मी होते. ग्रीस बदलून घ्या, असं मी म्हणाले. पेस्ट म्हणायला हवं होतं, आणि आमचा माणूस येऊन बदलेल हेही सांगायला हवं होतं. सर्व्हर उघडून लूमचं ग्रीस यांनी लावलं."

शेवटच्या वाक्याआधीच देवेशचा हात खाली आला होता.

"का बंद केलास?" दारातून केसरीनाथशेठ म्हणाले. "सकाळी मला काय सांगितलंस? कोनी हात लावला न्हाय. बापाला बी गोदामातला हमाल समजतोस?"

देवेशचा चेहरा लाल झाला. बापाला काही म्हणता येईना, म्हणून तो हेमालीवर घसरला. आता हिने हात लावायचा नाही, कंपनीने दुसरा माणूस पाठवायचा. म्हाताऱ्याने बाहेरच्या रांगेकडे हात केला. "तो उद्या येल. ट्रक आज उभं हायत. करू दे तिला."

देवेशची मर्जी नसताना तिने काम केलं. आधी कडेचं ग्रीस स्पिरिटच्या कापडाने, आतून बाहेर, एका दिशेने टिपून घेतलं. सॉकेटची तरफ उचलली, मेलेला प्रोसेसर दोन कडांनी धरून सरळ वर काढला. बॅटरीच्या उजेडात पिना पाहिल्या, ओळ न् ओळ. कोरड्या होत्या. नव्या प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवला आणि प्रोसेसर फक्त ठेवला, दाबला नाही. तरफ बसवली. पेस्टचा वाटाण्याहून लहान ठिपका टाकला, ठोकळा ठेवला, पुन्हा तिरके तिरके स्क्रू आवळले. पहिल्या प्रोसेसरवरही तेच ग्रीस होतं. दुसरा मागे, पहिल्याच्या गरम वाऱ्यात बसतो, म्हणून तो आधी गेला. तिने पहिल्याचंही ग्रीस साफ करून पेस्ट लावली. पाऊण तासात कोणी तिला पाणी विचारलं नाही.

दोन्ही केबली जोडल्यावर पंखे गरजले आणि शांत झाले. स्क्रीनवर दोन्ही प्रोसेसर दिसले. ती अर्धा तास तापमानाकडे बघत उभी राहिली. ते अठ्ठेचाळिसावर थांबलं. बाहेर पहिला ट्रक सुरू झाला.

रिपोर्टात तिने दोन ओळी लिहिल्या, एक आपल्या चुकीची, एक देवेशच्या. देवेशने आपल्या ओळीवर पेन फिरवायला घेतलं, तेव्हा तिने सांगितलं की खाडाखोड चालत नाही. मग त्याने त्या ओळीशेजारी "मान्य नाही" असं लिहिलं आणि खाली सही केली.

ती खारबावला पोचायच्या आत तक्रार ठाण्याला पोचली, व्हिडिओसकट. व्हिडिओ अर्धाच होता. वैशाली मॅडमचा फोन आला. त्या चिडल्या नव्हत्या. म्हणाल्या, तुझी ओळ काढून रिपोर्ट परत पाठव, त्याने उघडला एवढं आपल्याला पुरतं, बाकी मी बघते.

"तो सगळं खोटं बोलला, मॅडम," हेमाली म्हणाली. "पण फोनचं तेवढं खरं बोलला."

राघोला घरी हे कळलं तेव्हा त्याने एकच विचारलं, ग्रीस पिवळं होतं का काळं.

जानेवारीपासून हेमाली कायमची फोनवर आहे. फेब्रुवारीतल्या एका दुपारी वडप्याहून फोन आला. तिने कंपनीचं नाव सांगताच पलीकडच्या माणसाने तिचा आवाज ओळखला.

"दुसरं कोण नाही का तिथे?" देवेशने विचारलं.

"सगळे बाहेर कामावर आहेत."

ट्रकाचा हॉर्न वाजून थांबला.

"मग सांग," तो म्हणाला. "आणि नीट सांग."

"आधी काय काय करायचं नाही ते सांगते. लिहून घ्या."

ती एकेक वाक्य सावकाश सांगत गेली. पलीकडे तो प्रत्येक वाक्य तिला परत म्हणून दाखवत होता, रागाने.